एलिझाबेथ टिली कुणाची मुलगी? वसाहतीतल्या इंग्रज स्त्रीचं माहेर शोधण्याची रीत

माझ्या विहीणबाई मॅसॅच्युसेट्सच्या. त्यांच्या घरी जिन्याच्या भिंतीवर एक जुना वंशवृक्ष टांगलेला आहे. शाई तपकिरी झालेली, कागद कडांना फाटलेला. त्याच्या मुळाशी दोन नावं आहेत, जॉन हाउलँड आणि एलिझाबेथ. १६२० साली 'मेफ्लॉवर' जहाजातून इंग्लंडहून आलेली ही दोघं पुढे नवराबायको झाली. एलिझाबेथच्या नावापुढे बारीक अक्षरात लिहिलंय, 'गव्हर्नर कार्व्हर यांची नात'. शाळेच्या प्रकल्पासाठी नातवानं ते वाचलं आणि आम्हा दोन्ही आज्यांना विचारलं, हे खरं कशावरून?

खरं नव्हतं. पण तसं म्हणण्यासाठी आम्हाला कागदामागून कागद उलटत चारशेहून अधिक वर्षं मागे जावं लागलं. मी मूळची नाशिकची. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत माझ्या सासऱ्यांच्या सात पिढ्या सापडल्या, पण त्यांत बायकांची नावं शोधताना डोळे दुखले. इंग्रजांच्या दप्तरातही तेच दिसलं. बाई दिसते ती कुणाची तरी बायको, कुणाची तरी विधवा म्हणून. तिचं माहेर हरवतं ते तिच्या लग्नाच्या दिवशी. म्हणून हे काम करण्याची रीत सविस्तर लिहिते आहे. उदाहरण वंशवृक्षातल्या त्या एलिझाबेथचंच, म्हणजे एलिझाबेथ टिलीचंच घेते, कारण तिच्या बाबतीत जवळजवळ प्रत्येक अडचण येते आणि जवळजवळ प्रत्येक अडचणीला वाटही सापडते.

सुरुवात शेवटच्या कागदापासून

बहुतेकांची पहिली चूक इथेच होते. 'मेफ्लॉवर'चं नाव ऐकलं की थेट जहाजाच्या यादीत शिरायचं आणि तिथून खाली यायचं. असं केलं तर हव्या त्या माणसाशी नातं जुळवता येतं. उलट दिशेनं चला. स्वतःच्या किंवा ज्यांचा शोध घ्यायचा त्यांच्या जन्मदाखल्यापासून आईवडिलांच्या लग्नापर्यंत, तिथून त्यांच्या जन्मापर्यंत, असं एकेक पिढी मागे. प्रत्येक सांध्याला एक कागद हवा, ज्यात 'ही याची मुलगी' हे स्पष्ट लिहिलंय किंवा दोनतीन कागद एकत्र ठेवल्यावर दुसरा अर्थ उरत नाही.

मॅसॅच्युसेट्समध्ये हे तुलनेनं सोपं आहे. तिथल्या गावांनी जन्म, लग्न, मृत्यू यांच्या नोंदी सतराव्या शतकापासून ठेवल्या आणि १८५० पर्यंतच्या बऱ्याच गावांच्या नोंदी पुस्तकरूपानं छापल्या गेल्या. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर खातं फुकट उघडता येतं आणि मूळ पानांची छायाचित्रं पुष्कळ आहेत. काही पानं मात्र घरून उघडत नाहीत, त्यांच्या केंद्रात किंवा जोडलेल्या ग्रंथालयात जावं लागतं. बोस्टनची न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जिनिऑलॉजिकल सोसायटी १८४५ पासून हे काम करते. तिचं अमेरिकन ॲन्सेस्टर्स हे संकेतस्थळ बऱ्याच अंशी वर्गणीचं आहे.

आणखी एक सोय आहे. 'मेफ्लॉवर'च्या वंशजांची मोठी संस्था १८९७ मध्ये स्थापन झाली. तिनं प्रत्येक कुटुंबाच्या पहिल्या पाच पिढ्या कागद तपासून छापल्या आहेत. मुखपृष्ठाच्या रंगावरून त्या खंडांना लोक सिल्व्हर बुक्स म्हणतात. तुमची साखळी त्या पाचव्या पिढीला पक्की जोडली गेली की पुढचं ओझं बरंच हलकं होतं. आम्हाला त्या पिढीपर्यंत पोचायला चार महिने लागले आणि त्यातला निम्मा वेळ एकोणिसाव्या शतकातल्या एका मेरी नावाच्या बाईत गेला. तिनं दोनदा लग्न केलं होतं.

वंशवृक्ष चढवण्याच्या संकेतस्थळांवर तयार झाडं मिळतात. ती वाचा, पण वाटाड्या म्हणून. एकाच चुकीची दोनशे जणांनी नक्कल केली तरी पुरावा एकच, आणि तोही चुकीचा.

विधवेचं मृत्युपत्र म्हणजे सोन्याची खाण

त्या काळच्या इंग्रजी कायद्यात नवरा जिवंत असताना बायकोच्या नावावर मालमत्ता जवळजवळ नसायचीच, त्यामुळे तिचं मृत्युपत्रही सहसा नसायचं. विधवा झाल्यावर मात्र ती स्वतःच्या नावानं बोलू लागते. म्हणून स्त्रीचा माग काढताना आधी शोधायचं ते तिचं वैधव्यातलं मृत्युपत्र, आणि त्याच्या जोडीला नवऱ्याचं.

जॉन हाउलँडच्या मृत्युपत्रावर २९ मे १६७२ ही तारीख आहे. त्यात 'माझी प्रिय पत्नी एलिझाबेथ' हिला रॉकी नुक इथल्या घराचा तहहयात वापर दिलाय आणि सहा मुलींना प्रत्येकी वीस शिलिंग. वीस शिलिंगांपेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे मुलींची आडनावं. डिझायर गोरहॅम, होप चिपमन, एलिझाबेथ डिकिन्सन, लिडिया ब्राउन, हॅना बॉसवर्थ, रूथ कुशमन. सहा मुली, सहा सासरं, एकाच कागदावर. तुमची साखळी एखाद्या लेकीमधून जात असेल तर असा कागद सापडेपर्यंत थांबू नका.

एलिझाबेथचं स्वतःचं मृत्युपत्र १७ डिसेंबर १६८६ चं. नवरा गेल्यावर ती लेकीकडे, लिडियाकडे, स्वान्झी गावी राहत होती. त्या कागदात ती म्हणते की माझं वय एकोणऐंशी आहे पण स्मरणशक्ती शाबूत आहे. मग वाटण्या. थोरल्या मुलाला, जॉनला, पाच पौंड आणि बायबलचे इंग्रजी अनुवादक टिंडेल यांच्या लेखनाचा ग्रंथ, जोसेफला तिचा ताजवा, जाबेझला पिसांची गादी जी आधीच त्याच्याकडे होती, चादरी, उश्यांचे अभ्रे, घोंगड्या. ग्रंथ, ताजवा आणि गादी. तिचं एकही चित्र नाही, पण ही यादी वाचताना ती समोर बसून सामान लावते आहे असं मला वाटलं. वाचता येणारी, मापात चोख, आणि कुणाकडे काय ठेवलंय हे पक्कं लक्षात असलेली म्हातारी.

यातला 'एकोणऐंशी' हा शब्द वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. पुढे तोच कामाला येणार आहे.

हे मृत्युपत्र कुठे शोधायचं यातही एक गोम आहे. 'मेफ्लॉवर'ची माणसं जिथे वसली ती प्लिमथ ही आधी स्वतंत्र वसाहत होती. १६८५ साली तिचे तीन जिल्हे पाडले गेले आणि १६९१ च्या सनदेनं ती मॅसॅच्युसेट्समध्ये विलीन झाली. म्हणून १६७२ चं जॉनचं मृत्युपत्र वसाहतीच्या दप्तरात, तर एलिझाबेथचं ब्रिस्टल जिल्ह्याच्या वारसा-नोंदींत. दोन्ही एकाच ठिकाणी शोधत बसाल तर एक सापडणारच नाही. गावाचं नाव सापडलं की पहिला प्रश्न हा विचारायचा, त्या साली हे गाव कुणाच्या अमलाखाली होतं?

तारखांचा घोळ

प्लिमथच्या दप्तरात जॉन हाउलँडच्या मृत्यूची नोंद आहे २३ फेब्रुवारी १६७२. मृत्युपत्र मात्र मे १६७२ चं. मेल्यावर तीन महिन्यांनी मृत्युपत्र केलं की काय? विहीणबाई इथे अडल्या आणि ही दोन वेगळी माणसं असणार असं म्हणू लागल्या.

इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणजे मे १६७२ आधी आणि फेब्रुवारी १६७२ नंतर. आजच्या हिशेबानं तो फेब्रुवारी १६७३. म्हणूनच अभ्यासक १६७२/३ असं दुहेरी लिहितात. ही पद्धत इंग्लंड आणि त्याच्या वसाहतींत १७५२ पर्यंत होती. त्याच वर्षी २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला. आपल्याला हे अवघड जाऊ नये. गुढीपाडव्याला वर्ष बदलणारी माणसं आपण, आणि पेशवाईतले कागद वाचताना सुहूर सन, शक, इसवी असा मेळ घालतोच की. नियम एवढाच, १ जानेवारी ते २४ मार्च या काळातली प्रत्येक तारीख संशयानं पाहायची आणि स्वतःच्या टिपणात दोन्ही सालं लिहायची. मूळ कागदावर काय आहे ते कधीही 'सुधारून' उतरवायचं नाही.

लग्नाची नोंद नसेल तर

एलिझाबेथ आणि जॉनच्या लग्नाची नोंद नाही. चर्चच्या वहीत शोधून उपयोगही नाही, कारण प्लिमथला लग्न हा दिवाणी करार मानत आणि ते दंडाधिकाऱ्यासमोर होई. अशा वेळी लग्न चिमटीत पकडायचं, म्हणजे ती अविवाहित दिसते तो शेवटचा कागद आणि विवाहित दिसते तो पहिला कागद शोधायचा.

अलीकडचं टोक म्हणजे १६२७ च्या मे महिन्यातली गुरांची वाटणी. वसाहतीनं आपली गुरं वाटून घेण्यासाठी सगळ्या माणसांचे तेरा-तेरा जणांचे बारा गट केले, आणि त्यात बायकापोरांचीही नावं लिहिली. चौथ्या गटात जॉन हाउलँड, बायको एलिझाबेथ, मुलगा जॉन, मुलगी डिझायर. गुरांची यादी म्हणून कुणी ती सोडून देईल. वंशावळीच्या दृष्टीनं ती त्या वसाहतीची शिरगणतीच आहे. पलीकडचं टोक १६२० च्या जहाजावरचं, तिथे ती आईबापांबरोबरची मुलगी आहे. दोन मुलं झालेली धरली तर लग्न १६२४ च्या आसपास पडतं. आपण 'सुमारे १६२४' लिहायचं. नेमकी तारीख लिहिलेलं झाड दिसलं तर त्याचा आधार विचारायचा.

जमिनीचे दस्त, कोर्टाच्या नोंदी, पंचांच्या याद्या, कुणाच्या तरी मृत्युपत्राला साक्षीदार, या सगळ्यांत बाई अशीच कडेला उभी सापडते. प्लिमथ वसाहतीचं दप्तर १८५५ ते १८६१ या काळात बारा खंडांत छापलं गेलं आणि ते आता फुकट वाचता येतं.

मग ती 'नात' आली कुठून?

जॉन हाउलँड हा वसाहतीचे पहिले गव्हर्नर जॉन कार्व्हर यांच्या घरचा नोकर म्हणून आला होता. एवढ्या धाग्यावरून पुढे कुणीतरी त्याला कार्व्हरचा जावई केलं. जावई म्हटलं की एलिझाबेथ कार्व्हरची लेक ठरते; विहीणबाईंच्या वंशवृक्षात त्या लेकीची 'नात' झाली. एकोणिसाव्या शतकात प्लिमथच्या टेकडीवरच्या दफनभूमीत जॉनसाठी दगड उभा केला गेला, त्यावरही तो कार्व्हरचा जावई म्हणून कोरला गेला. वंशावळीत दगडावर कोरलेलं म्हणजे ब्रह्मवाक्य असं समजू नका. तो दगड केव्हा आणि कुणी बसवला हे आधी विचारा. माणूस गेल्यावर दीडशे वर्षांनी कोरलेला मजकूर हा पुरावा नव्हे, ती दीडशे वर्षांनंतरची समजूत आहे.

खरं उत्तर त्या वेळी कुणाला वाचायलाच मिळत नव्हतं. वसाहतीचे दीर्घकाळचे गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यांनी हातानं लिहिलेला इतिहास अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत नाहीसा झाला होता. १८५५ मध्ये तो लंडनच्या बिशपांच्या फुलम पॅलेसमधल्या ग्रंथालयात ओळखला गेला, पुढच्या वर्षी छापला गेला आणि १८९७ मध्ये मूळ हस्तलिखित मॅसॅच्युसेट्सला परत आलं. त्याच्या शेवटी जहाजातल्या माणसांची यादी आहे. तिथे सरळ लिहिलंय, जॉन टिली, त्याची बायको आणि त्यांची मुलगी एलिझाबेथ. पुढे म्हटलंय की नवराबायको किनाऱ्यावर आल्यावर थोड्याच दिवसांत वारली आणि मुलीनं जॉन हाउलँडशी लग्न केलं. ते लिहिलं तेव्हा, १६५१ च्या सुमारास, त्यांना दहा मुलं होती आणि दहाही जिवंत.

ती ओळ मी विहीणबाईंना मोठ्यानं वाचून दाखवली. तेरा वर्षांची पोर, परक्या किनाऱ्यावर, पहिल्याच हिवाळ्यात आई आणि बाप दोघंही गेलेले. कार्व्हरची नात होण्यापेक्षा हे किती मोठं आहे, असं त्या म्हणाल्या, आणि थोडा वेळ आम्ही दोघी गप्प बसलो.

समुद्र ओलांडताना एकटीला शोधू नका

आता सर्वांत अवघड टप्पा. वडील कळले, पण आई फक्त 'त्याची बायको'. गाव माहीत नाही. इंग्लंडमध्ये जॉन टिली नावाची माणसं किती असतील! पूर्वीच्या संशोधकांनी हॉलंडमधल्या लायडनच्या (जिथे 'मेफ्लॉवर'वरचे बरेच जण आधी राहिले होते) नोंदींत त्या नावासारख्या माणसाचं ब्रिजेट व्हान डर व्हेल्डे नावाच्या बाईशी लग्न पाहिलं आणि तीच एलिझाबेथची आई असं छापून टाकलं. नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला, ही या कामातली सर्वांत महागडी चूक.

वाट सापडली ती सोबत्यांमुळे. ब्रॅडफर्डच्या यादीत जॉनच्या आधी एडवर्ड टिली आणि त्याची बायको ॲन आहेत, आणि त्यांच्याबरोबर दोन 'कझिन' मुलं, हेन्री सॅमसन आणि ह्युमिलिटी कूपर. त्या काळच्या इंग्रजीत कझिन म्हणजे भाचा, पुतणी, कुणीही रक्ताचं. आपल्या भाषेत 'भाचा' म्हटलं असतं तर नातं कुठल्या बाजूचं हे लगेच कळलं असतं. म्हणजे शोधायचं होतं असं गाव, जिथे टिली, सॅमसन आणि कूपर ही तिन्ही आडनावं एकाच काळात नांदत होती. एका नावाचा योगायोग होतो, तिघांचा होत नाही.

ते गाव बेडफर्डशायरमधलं हेनलो. रॉबर्ट वॉर्ड या संशोधकानं १९७६ मध्ये ते मांडलं. हेनलोच्या चर्चच्या वहीत एडवर्ड टिलीचं ॲग्नेस कूपरशी १६१४ मध्ये लग्न आहे (ॲन आणि ॲग्नेस तेव्हा एकच नाव मानत), तिच्या बहिणीचा मुलगा हेन्री सॅमसन याचा बाप्तिस्मा आहे, आणि ३० ऑगस्ट १६०७ या तारखेला जॉन टिलीची मुलगी एलिझाबेथ हिचा बाप्तिस्मा. आता मृत्युपत्रातलं ते एकोणऐंशी आठवा. ऑगस्ट १६०७ पासून डिसेंबर १६८६ पर्यंत मोजा, बरोबर एकोणऐंशी पूर्ण. एक कागद अटलांटिकच्या या काठी, दुसरा त्या काठी, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. असं जुळतं तेव्हा खात्रीनं म्हणता येतं.

आईपर्यंत पोचायला आणखी एक वळण आहे. जॉन टिलीचं लग्न हेनलोलाच २० सप्टेंबर १५९६ रोजी जोन रॉजर्स हिच्याशी झालं. रॉजर्स हे तिचं माहेरचं आडनाव समजून इथेच थांबणारे पुष्कळ. पण ती विधवा होती. त्याच वहीत तीन वर्षं मागे, १५९३ मध्ये, थॉमस रॉजर्सचं लग्न जोन हर्स्ट हिच्याशी लागलेलं आहे. माहेर हर्स्ट. तेव्हा लग्नाच्या नोंदीत वधूचं आडनाव दिसलं की ते माहेरचं की आधीच्या नवऱ्याचं, हे तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही. आणि हा थॉमस रॉजर्स 'मेफ्लॉवर'वर आलेला त्याच नावाचा प्रवासी नव्हे, तो वेगळा.

मुलांची नावंही साक्ष देतात. जॉन आणि जोनच्या मुलांत रॉबर्ट आणि एलिझाबेथ ही जॉनच्या आईबापांची नावं आहेत, आणि रोझ हे जोनच्या आईचं. पहिली रोझ गेल्यावर पुढच्या मुलीचं नाव पुन्हा रोझ ठेवलं. नावावरून नातं सिद्ध होत नाही, पण कुठे पाहायचं ते कळतं.

इंग्लंडमधले कागद वाचताना

चर्चच्या वह्या ठेवण्याचा हुकूम १५३८ चा आहे. १५९८ पासून त्यांची नक्कल दरवर्षी बिशपकडे पाठवायची पद्धत नियमित झाली. म्हणून मूळ वही फाटली, भिजली, हरवली तर बिशपकडची प्रत मागायची. बेडफर्डशायरचं दप्तर बेडफर्डच्या जिल्हा अभिलेखागारात आहे. कँटरबरीच्या मोठ्या धर्मन्यायालयातली मृत्युपत्रं लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये. त्यांच्या संकेतस्थळावरून ती उतरवून घेता येतात. स्थलांतर केलेल्या मुलीला गावी राहिलेल्या मामाकाकांच्या मृत्युपत्रात 'आता न्यू इंग्लंडमध्ये असलेली माझी भाची' म्हणून काही ठेवलेलं असतं. असं एक वाक्य दहा वर्षांची शोधाशोध वाचवतं, तेव्हा फक्त थेट आडनावाची नव्हे, आजोळच्या आडनावाचीही मृत्युपत्रं वाचा.

अक्षर ही खरी परीक्षा. सोळाव्या-सतराव्या शतकातलं इंग्रजी हस्ताक्षर आजच्या इंग्रजी वाचकालाही मोडीसारखंच अनोळखी. मोडी शिकताना जे करतो तेच करा: त्याच लेखनिकाच्या हातची ओळखीची नावं आणि महिने आधी वाचा, त्यातून त्याची अक्षरं कागदावर मांडून घ्या, मग अवघड नोंदीकडे या. स्पेलिंगवर जाऊ नका. टिली हेच नाव चारपाच प्रकारे लिहिलेलं सापडतं. नात्याचे शब्दही सरकलेले असतात. तेव्हा 'डॉटर-इन-लॉ' म्हणजे बऱ्याचदा सावत्र मुलगी, आणि 'सीनियर-ज्युनियर' म्हणजे बापलेकच असं नाही. एकाच गावातले थोरला आणि धाकटा, इतकंच.

डीएनए चाचणीबद्दल थोडं

नातवाला वाटलं, थुंकीची नळी पाठवली की काम झालं. दहाबारा पिढ्यांमागच्या एका पूर्वजाचा अंश सर्वसाधारण चाचणीत बहुतेकांकडे उरलेलाच नसतो. स्त्रीच्या बाबतीत उपयोगी पडतो तो मायटोकॉन्ड्रियल डीएनए, जो आईकडून लेकीकडे, लेकीकडून नातीकडे असा चालत येतो. मुलाला तो मिळतो पण त्याच्याकडून पुढे जात नाही. एलिझाबेथच्या दोन वेगवेगळ्या लेकींपासून अखंड बायकांच्याच मार्गे आलेले दोन वंशज सापडले आणि त्यांचे निकाल जुळले, तरच काही बोलता येतं. आमच्या साखळीत मधे तीन पुरुष आहेत, म्हणून तो मार्ग आम्हाला बंद होता. पैसे खर्च करण्याआधी आपली साखळी कागदावर काढून बघा.

जिन्यावरचा वंशवृक्ष विहीणबाईंनी उतरवला नाही. पणजोबांच्या हातचं अक्षर आहे ते. त्याच्या शेजारी नातवानं केलेला नवा तक्ता लावलाय. प्रत्येक नावाखाली कागदाचा क्रमांक, 'सुमारे' असेल तिथे 'सुमारे', आणि सगळ्यांत खाली, हाउलँडच्याही खाली, त्याच्या हस्ताक्षरात: जोन हर्स्ट, हेनलो.